वसाहत फुटणं थांबवलं, आणि पिलाव्याच्या फ्रेमा मधानं भरल्या: आता काय करायचं?

मराठवाड्यात पौष-माघ हे मधमाश्यांचे सुगीचे दिवस. तुरीचा फुलोरा सरत आलेला असतो, करडई आणि सूर्यफूल भरात येतं, जालना-बीडकडं कांद्याच्या बीजोत्पादनाचे प्लॉट फुलायला लागतात, मोसंबीला आंबिया बहार धरतो. पेटीत माश्या मावत नाहीत आणि वसाहत फुटायच्या, म्हणजे राणीसह बऱ्याच माश्या थव्यानं उडून जायच्या, तयारीला लागते. तुम्ही प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणं वेळेत पेटीची वाटणी केलीत. जुनी राणी काही फ्रेमांसह (पोळ्याच्या चौकटींसह) नव्या पेटीत नेलीत, मूळ पेटीत एक चांगला राणीकोष (नवी राणी वाढते ते घर) ठेवून बाकीचे मोडलेत. थवा उडाला नाही. तीन आठवड्यांनी मूळ पेटी उघडली तर अंडं नाही, अळी नाही, आणि जिथं पिलावा, म्हणजे वाढती पिल्लं, असायचा त्या फ्रेमा मधानं गच्च.

इथं नवा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. मध बघून मध काढायचं यंत्र बाहेर काढतो, नाहीतर पेटी राणीविना झाली असं समजून विकतची राणी आणायला धावतो. दोन्हीमुळं चांगली वसाहत हातची जाते. माझा क्रम ठरलेला आहे: आधी राणीची खात्री, मग तिला जागा, आणि मधाचा विचार सगळ्यात शेवटी. खालचं सगळं दहा फ्रेमांच्या पेटीतल्या मेलिफेरा (युरोपीय जातीच्या) माश्यांसाठी आहे. सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी माशीचं, पुढं वेगळं सांगितलंय.

मध तिथं येतोच का?

कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनी पोळ्यातल्या तिच्या घरातून बाहेर पडते, नर २४ दिवसांनी. जुनी राणी नेल्यावर तिनं घातलेली अंडी या हिशेबानं एकामागं एक माश्या होऊन निघून जातात. रिकामं झालेलं प्रत्येक घर माश्या साफ करतात आणि शेतात फुलोरा असला की त्यात मकरंद भरतात. शिवाय पोसायला अळ्या उरत नाहीत, त्यामुळं एरवी दाईपण करणाऱ्या माश्याही मकरंद साठवायच्या कामाला लागतात. म्हणून राणी नसलेल्या त्या दोन-तीन आठवड्यांत मध झपाट्यानं चढतो. यात रोग नाही आणि तुमची चूकही नाही.

नवी राणी अंडी घालायला लागली की माश्या तिच्यासाठी मध उचलून दुसरीकडं नेतात. पण न्यायला जागा हवी ना? ती नसली तर राणी तळहाताएवढ्या जागेत अंडी घालत बसते, माश्यांची भर पडत नाही, आणि काही वेळा तीच पेटी पुन्हा फुटायची तयारी करते.

काहीजण वाटणी न करता डेमारीची पद्धत वापरतात: राणी खालच्या कोठीत (पेटीच्या मजल्यात), त्यावर राणीरोधक जाळी (कामकरी माशी जाते, राणी अडते), आणि पिलाव्याच्या फ्रेमा सगळ्यात वरच्या कोठीत. अमेरिकेतल्या जॉर्ज डेमारी यांनी ती १८९२ मध्ये मांडली. त्यात वरच्या फ्रेमा मधानं भरणं ठरलेलंच असतं आणि राणी खाली सुखरूप असते. फक्त सातव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान वरच्या कोठीत राणीकोष बांधलेत का ते बघून मोडावे लागतात. तुम्ही ही पद्धत वापरली असेल तर पहिल्या चार पायऱ्या सोडून थेट पाचवीवर जा.

हाताशी काय असावं

- प्रत्येक पेटीची नोंदवही. वाटणीची तारीख, राणीकोष उघडा होता की बंद, आणि कोणत्या पेटीला कधी साखरेचा पाक किंवा औषध दिलं, हे सगळं त्यात हवं. पुढचा निम्मा निर्णय या वहीवर होतो.
- स्मोकर, पटाशी, बुरखा, ब्रश.
- पोळं बांधलेल्या पण रिकाम्या दोन-तीन फ्रेमा. या सगळ्यात मोलाच्या. नुसता मेणपत्रा (ज्यावर माश्यांनी पोळं बांधायचं तो मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या फ्रेमा त्यांची जागा घेत नाहीत. का ते पुढं येईल.
- राणीरोधक जाळी आणि एक जादा कोठी, झाकणासह.
- बाहेर काढलेल्या फ्रेमा झाकायला ओलं, जाड फडकं.
- मधावरची मेणाची टोपणं खरवडायला काटा.

१. पेटी उघडण्याआधी तारीख मोजा

राणी अंड्यापासून १६ व्या दिवशी कोषातून बाहेर येते. त्यानंतर पाच-सहा दिवसांत ती मिलनाला उडते, आणि मिलन झाल्यावर दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. कोषातून बाहेर आल्यापासून साधारण दोन आठवडे धरा. आभाळ असलं, वारा असला तर त्याहून जास्त.

आता तुमचा हिशेब. वाटणी करताना कोषाचं तोंड बंद झालेलं असेल तर अंडी दिसायला तीन आठवडे लागू शकतात. माश्यांना नुसती अंडी देऊन नवी राणी करणं त्यांच्यावरच सोडलं असेल तर चार आठवडे धरा. म्हणजे एकविसाव्या दिवशी पेटीत अंडं नसणं ही बहुतेक वेळा काळजीची गोष्ट नसते. तेव्हा जुना पिलावा संपलेला असतो आणि नवा सुरू व्हायचा असतो.

मधल्या दोन आठवड्यांत पेटी उघडू नका. उघडावीच लागली तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. कुमारी (अजून मिलन न झालेली) राणी दुपारी उडते. ती बाहेर असताना तुम्ही झाकण काढून, कोठ्या हलवून उभे असाल तर परत येताना तिची वाट चुकते.

२. राणी आहे का, हे राणी न शोधता ओळखा

कुमारी राणी बारीक असते, पळते, आणि गर्दीत दिसत नाही. तिला शोधण्यात अर्धा तास घालवून पेटी थंड करू नका. मधल्या फ्रेमा वर उचला आणि उन्हाकडं पाठ करून घरांच्या तळाशी बघा.

चोहोबाजूंनी मध आणि मधोमध रिकाम्या, घासून चकचकीत केलेल्या घरांचा पट्टा दिसला, तर माश्या राणीसाठी जागा राखून बसल्यात असं समजा. पेटी शांत असेल, माश्या परागकण घेऊन आत जात असतील, तर मी झाकण लावून आठवडाभर थांबतो. उलट मधोमधच्या घरांतही मकरंद चमकत असेल, झाकण काढताच माश्या सैरभैर होऊन घूं-घूं असा लांबलेला आवाज काढत असतील, तर शंका घ्या.

आपल्याकडं एक धोका खरा आहे आणि पुस्तकात तो ओझरताच येतो. वेडा राघू आणि कोतवाल. तारेवर, बाभळीवर बसून ते उडती माशी टिपतात, आणि मिलनाला निघालेली राणीही त्यातून सुटत नाही. पेट्यांच्या आसपास त्यांचा राबता असेल तर राणी परत न येण्याची शक्यता गृहीत धरा आणि तिसरी पायरी टाळू नका.

अंडी दिसली तरी नीट बघा. एका घरात एकच अंडं, तळाच्या मधोमध उभं, हे राणीचं लक्षण. नवी राणी पहिल्या काही दिवसांत कधी कधी एकाच घरात दोन अंडी घालते, त्यानं घाबरू नका. पण घराच्या भिंतींना चिकटलेली, एकेका घरात कितीतरी अंडी, आणि कामकरी माश्यांच्या लहान घरांवर नरांसारखी फुगीर टोपणं दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्यात. तशा पेटीला राणी देऊन उपयोग होत नाही, तिला त्या मारतात. अशा माश्या दुसऱ्या सशक्त पेट्यांमध्ये वाटून टाकणं बरं.

३. शंका असेल तर चाचणीची फ्रेम द्या

दुसऱ्या निरोगी पेटीतून ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम घ्या. तिच्यावरच्या माश्या झाडून त्यांच्याच पेटीत पाडा, आणि तिकडची राणी सोबत येत नाही ना ते दोनदा बघा. मधानं भरलेली एक फ्रेम काढून तिच्या जागी, अगदी मधोमध, ही बसवा. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर तारीख लिहा.

चार दिवसांनी बघा. तिच्यावर राणीकोष बांधायला घेतले असतील तर पेटीत राणी नाही. कोष नसतील आणि अळ्या साध्या रीतीनं वाढत असतील तर राणी आहे, तिला वेळ द्या. ही फ्रेम सगळ्या बाजूंनी कामाची: राणी नसली तर तिच्यातूनच नवी होईल, आणि अळ्यांच्या वासानं कामकरी माश्यांचं अंडी घालणं लांबतं.

विकतची राणी मात्र या चाचणीआधी सोडू नका. आत कुमारी राणी असेल तर नवी राणी मारली जाते आणि पैसे वाया जातात.

राणी नाही हे पक्कं झालं आणि फाल्गुन संपत आला असेल, तर नवी राणी होण्याची वाट बघण्यापेक्षा ही पेटी जुन्या राणीच्या पेटीला जोडा. संध्याकाळी दोन कोठ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला सुईनं चार-पाच भोकं, बस. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. चैत्रात इथं मकरंद आटतो, आणि दोन अशक्त पेट्यांपेक्षा एक भरदार पेटी उन्हाळा काढते.

४. राणीला जागा करून द्या

किती जागा? मोठ्या फ्रेमच्या दोन्ही बाजू मिळून सहा हजारांवर घरं असतात. नव्या राणीनं दिवसाला हजार अंडी घातली आणि प्रत्येक घर २१ दिवस अडकून राहिलं, तर २१ हजार घरं लागतील. म्हणजे साडेतीन फ्रेमा. तेवढी जागा मोकळी झाली की सुरुवातीला पुरते. सगळी कोठी रिकामी करायची गरज नाही.

पद्धत अशी. चकचकीत घरांचा पट्टा किंवा अंडी असलेली फ्रेम आहे तिथंच राहू द्या. तिच्या दोन्ही बाजूंच्या गच्च मधाच्या दोन फ्रेमा काढा आणि तिथं पोळं बांधलेल्या रिकाम्या फ्रेमा बसवा. आठवड्यानं गरज दिसली तर आणखी एक. दोन्ही कडांच्या मधाच्या फ्रेमांना हात लावू नका. माघातल्या रात्री थंड असतात, तेव्हा अंडी-अळ्यांच्या दोन फ्रेमांमध्ये रिकामी फ्रेम घुसवून पिलावा तोडू नका. ती कडेनं लावा.

बांधलेली पोळी नसतील तर? शेतात फुलोरा जोरात असेल तर मेणपत्रे चालतात, माश्या चार-सहा दिवसांत पोळं ओढतात, म्हणजे त्यावर घरं बांधून काढतात. फुलोरा ओसरल्यावर मात्र मेणपत्र्यावर त्या काम करत नाहीत, उलट तो कुरतडतात. आणि इथंच सगळ्यात मोठी फसगत होते: मेणपत्रे ओढावेत म्हणून लोक साखरेचा पाक देतात. माश्या तो पाक पिलाव्याच्या उरल्यासुरल्या घरांत भरून ठेवतात, आणि राणीची होती ती जागाही जाते. मधानं गच्च झालेल्या पेटीला पाक देऊ नका, कारण काहीही असो.

जादा फ्रेमा नसल्या तर टोपणं खरवडायचा उपाय आहे. मधाच्या एका फ्रेमची टोपणं काट्यानं ओरखडा आणि ती कोठीच्या अगदी कडेला, मधे एक आडवी फळी घालून, तिच्या पलीकडं ठेवा. घराबाहेर पडलेला मध समजून माश्या तो आत नेतात. हे काम सूर्य मावळताना करा आणि दार बोटभर करा. दिवसा, तेही फुलोरा नसताना केलंत तर शेजारच्या पेट्या लुटायला येतात, आणि एकदा लूट सुरू झाली की ती दिवसभर थांबत नाही.

पिलावा बंद असलेले हे दिवस आणखी एका कामाचे आहेत. सगळे व्हॅरोआ माईट (माश्यांवर जगणारे बारीक परजीवी) या काळात माश्यांच्या अंगावर असतात, बंद घरांत लपलेले नसतात, त्यामुळं उपचार सगळ्यात चांगला लागू पडतो. नवी राणी अंडी घालू लागल्यावर आणि तिची पहिली घरं बंद व्हायच्या आत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत तो उरकावा. औषध आणि मात्रा ऐकीव माहितीवर ठरवू नका. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, महाबळेश्वरचं खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय, किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र, यांपैकी कुठंही विचारा. उपचार करणार असाल तर मधाच्या ज्या फ्रेमा खायला-विकायला काढायच्या आहेत त्या आधीच बाजूला करा.

५. काढलेल्या फ्रेमांचं काय?

माझं मत स्पष्ट आहे: त्यातल्या बहुतेक ठेवा. हा मध माश्यांची उन्हाळ्याची बेगमी आहे. कडुनिंब आणि करंज फुलतात तेवढा आधार मिळतो, पण एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा स्थिरावेपर्यंत आपल्याकडं माश्यांना फारसं काही मिळत नाही. नवे मधपाळ फेब्रुवारीत शेवटचा थेंब काढतात आणि मे महिन्यात साखरेची पोती आणतात, तरीही पेट्या पळून जातात. मधाची एक गच्च मोठी फ्रेम म्हणजे अडीच ते तीन किलो मध. प्रत्येक पेटीमागं अशा तीन-चार फ्रेमा मी राखतो.

राखायच्या फ्रेमा ठेवायला सगळ्यात उत्तम जागा म्हणजे सशक्त पेटीची वरची कोठी. ती खालच्याच मापाची असेल तर फ्रेमा सरळ वर जातात, मधे राणीरोधक जाळी. वर नेण्याआधी प्रत्येक फ्रेमवर अंडी-अळ्या नाहीत आणि राणी चुकून बसलेली नाही हे बघा. नरांची बंद घरं असतील तर ते नर जाळीत अडकून मरतात आणि जाळी तुंबते; वरच्या झाकणाला बोटभर फट ठेवा म्हणजे निघून जातील.

अशक्त वाटणीलाही एखादी फ्रेम देता येते, पण तिच्या माश्या जेवढी झाकू शकतील तेवढीच. आणि एक नियम मोडू नका: ज्या पेटीत पिलावा सडलाय, वास येतोय, अळ्या वितळल्यात, तिची मधाची फ्रेम दुसऱ्या पेटीत कधीच जाता कामा नये. रोग मधातूनही पसरतो.

६. काढायचाच असेल तर

- फ्रेम आडवी धरून जोरात झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत ठेवा. तीन-चतुर्थांशाहून जास्त घरांना टोपण असेल तरच काढा. भारतीय मानकाप्रमाणं मधात पाण्याचा अंश २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर मोजूनच घ्या.
- अळ्या असलेली फ्रेम यंत्रात घालू नका. अळ्या मधात पडतात, मध नासतो आणि पिलावाही जातो.
- पिलाव्याच्या फ्रेमांत परागकणांची घरं असतात. ती जास्त असतील तर मध गढूळ होतो, फेसाळतो. अशी फ्रेम माश्यांसाठीच ठेवा.
- पाक दिलेल्या किंवा औषध दिलेल्या पेटीतला मध विकू नका. पाक माश्यांनी साठवला, टोपण लावलं, तरी तो मध होत नाही. इथं वही उघडून बघा.
- यंत्र हळू फिरवा. एक बाजू अर्धी, मग उलटून दुसरी पूर्ण, मग पुन्हा पहिली. उन्हात मऊ झालेलं पोळं पहिल्याच झटक्यात तुटतं.

विकायचा असेल तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते, आणि मधपाळ म्हणून राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंद करून ठेवा.

७. घरात साठवायच्या फ्रेमा

वरच्या कोठीत जागाच नसेल तर. मेणकिडा हा पहिला शत्रू. पिलाव्याची जुनी, काळपट पोळी त्याला फार आवडतात आणि उन्हाळ्यात महिन्याभरात तो त्यांची जाळी करून टाकतो. फ्रेम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवली की किडा, अंडी, अळी सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका. फ्रेम घराच्या तापमानाला आल्यावर सोडा, नाहीतर मधावर पाणी सुटून तो आंबतो.

डांबर गोळ्या आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या या फ्रेमांजवळसुद्धा नेऊ नका. मेण वास आणि विष धरून ठेवतं, ते मधात उतरतं, आणि त्या धान्याच्या गोळ्यांच्या वायूनं माणूसही दगावतो. पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर मे महिन्याचा विचार करा: चाळीस अंशांपुढं मधाच्या वजनानं पोळं खाली बसतं. जमिनीच्या बाजूची, मातीच्या भिंतीची खोली चांगली. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंगळे चढत नाहीत.

सूर्यफुलाचा मध लवकर साखरेसारखा गोठतो. तशी फ्रेम यंत्रात निघत नाही. टोपणं ओरखडून वर पाण्याचा हलका फवारा मारा आणि पेटीला द्या, माश्या ओला करून उचलतात.

सातेरी पाळत असाल तर

तत्त्व तेच, पण हात हलका. सातेरीची वसाहत लहान, एका वेळी एकच फ्रेम हलवा, आणि मध जास्त काढलात तर ती घर सोडून जाते. मेलिफेराची मधाची फ्रेम तिच्या पेटीत मापालाही बसत नाही आणि रोगाच्या दृष्टीनंही देऊ नये.

८. उन्हाळ्यात परत देणं

एप्रिल अखेरीपासून दर पंधरा दिवसांनी पेटी मागून किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली की संध्याकाळी एक फ्रेम, पिलाव्याच्या लगत, टोपणाचा एक कोपरा खरवडून. दार लहान ठेवा. एकदम तीन फ्रेमा देऊ नका, अशक्त पेटीला त्यांची राखण होत नाही. सावली, ओलं गोणपाट आणि जवळ पाणी नसेल तर मध देऊनही माश्या थांबणार नाहीत, कारण पेटी थंड ठेवायला त्यांना पाणीच लागतं.

रिकाम्या झालेल्या फ्रेमा जूनमध्ये उजेडाकडं धरून बघा. ज्यांतून उजेड आरपार दिसतो त्या पुढच्या रब्बीत चौथ्या पायरीला लागणाऱ्या रिकाम्या फ्रेमा म्हणून जपा. काळ्याकुट्ट पडलेल्यांचं मेण वितळवा.